तिसऱ्या अंकातली धमकी

आमच्याकडे धान कापून झालं की नाटकं सुरू होतात. गावाची मंडई, म्हणजे जत्रा, किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, ठरला की नाटकही ठरतं, आणि वडशाच्या नाटक कंपन्या मंच, पडदे, ढोलक, सिंथेसायझर ट्रकमध्ये भरून गावोगाव निघतात. मी या कंपन्यांसाठी नाटकं लिहितो. पोटापाण्याला प्राथमिक शाळेत शिक्षक आहे.

ज्या वर्षाचं सांगतोय, त्या वर्षी माझी शाळा धानोरा तालुक्यात, आत जंगलात होती आणि घर वडशाला. बायको वडशाला नर्स, मुलगी तिसरीत. सोमवारी पहाटे मोटारसायकल काढायची आणि शनिवारी दुपारी परत यायचं. मधले दिवस शाळेमागच्या खोलीत. शाळेला आम्ही दोन शिक्षक. गाव तीसेक घरांचं, सगळी गोंड कुटुंबं. त्या गावाने जंगलावरचा आपला हक्क कागदोपत्री मिळवला होता आणि दरवर्षी आपल्या बांबूचा लिलाव गावच करत होतं. ग्रामसभा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात भरायची. तालुक्याहून आलेले कागद मी मोठ्याने वाचायचो आणि ग्रामसभेची सचिव, बारावी शिकलेली एक तरुण मुलगी, ते गोंडीत सगळ्यांना समजावून सांगायची. हे काम माझ्यावर कुणी सोपवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा वाचलं आणि मग ती रीतच पडली.

उन्हाळ्यात एका कंपनीच्या मालकीणबाई घरी आल्या. स्वतः तीस वर्षं मंचावर काढलेली बाई. म्हणाल्या, "सर, सावकार झाला, जमीनदार झाला, सासू-नणंद झाल्या. यंदा खलनायक पुढारी पायजे. लोकाईले पुढारी पाहाले मजा येते."

पुढारी मला शोधावा लागला नाही. आमच्या भागातले एक पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, शाळेच्या गावात दोनदा येऊन गेले होते. खुर्ची बाजूला सारून ते सतरंजीवर बसायचे. कुणी आंबील दिली तर पेला पूर्ण संपवायचे. म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून नाव विचारायचे आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारायचे. गावाच्या बांबूवर त्यांचा डोळा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते गेल्यावर पोरं शाळेत त्यांची नक्कल करायची ती प्रेमाने करायची. मी ते सगळं मनात टिपून ठेवलं होतं.

नाटकात मी असंच एक गाव घेतलं. पुढाऱ्याला गावचा बांबू हवा. तो एकेकाला गाठतो. कुणाला बोरिंग, कुणाच्या पोराला नोकरी, कुणाचा अडकलेला दाखला. दोन अंकांत सगळं गाव त्याचं होतं. उरते एक विधवा. ती सही करत नाही. तिसऱ्या अंकात पुढारी तिच्या अंगणात उभा राहून तिला धमकी देतो. तो संवाद दीड पानांचा होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पुढाऱ्याचं काम करणारा नट माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा. वर्षभराच्या सुट्ट्या साठवून हिवाळ्यात नाटकं करायचा. भारदस्त आवाज, भुवया जाड, आणि खलनायकाचं गडगडाटी हसणं ही त्याची खासियत. तालमीत दुसऱ्याच दिवशी त्याने मला बाजूला घेतलं.

"सर, याच्यात हसणं कुठी आहे?"

"नाही ठेवलं."

"मंग हा मानूस वाईट कधी होते? दोन अंक त सगळ्याईचं भलंच करून राह्यला."

"तिसऱ्या अंकात होतो ना. धमकी देतो तिथे."

त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. मलाही उत्तर दिल्यावर जरा पोकळ वाटलं, पण वेळ थोडा होता आणि तालीम पुढे सरकली.

नाटक चाललं. गंमत म्हणजे लोकांना पुढारीच आवडला. त्याच्या प्रवेशाला शिट्ट्या पडायच्या. एका गावात सकाळी ट्रक भरताना मी तिथे होतो. नट चहा पीत उभा होता. एक म्हातारी काठी टेकत त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "साहेब, आमच्या टोलीत बी एक बोरिंग करून द्या ना."

तो ओशाळला. "बाई, मी पुढारी नाई. मी माजरीले डंपर चालवतो."

"असू द्या," म्हातारी म्हणाली, "पन वर सांगून त पाहा."

आम्ही सगळे हसलो. तो मात्र हसला नाही. ट्रकमध्ये बसल्यावर मला म्हणाला, "सर, आपण हे नाटक कोनासाठी करून राह्यलो?"

वडशाजवळच्या एका मोठ्या गावात प्रयोग होता आणि उद्घाटक म्हणून भाऊंचं नाव पत्रकावर होतं. उद्घाटक नारळ फोडतात, दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. भाऊ पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून राहिले. मी विंगेतून त्यांच्याकडेच पाहत होतो. पुढारी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी वळून भाऊंकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी निरोप आला. रविवारी सकाळी चहाला या.

त्यांच्या अंगणात अर्ज घेऊन आलेली माणसं बसली होती. मला सरळ आत नेलं. वेतकाठीच्या खुर्च्या, भिंतीवर धानाच्या लोंब्यांचं तोरण, कोपऱ्यात नातवंडांची तीनचाकी सायकल. भाऊंनी स्वतः उठून माझ्यापुढे पोह्यांची प्लेट ठेवली.

"घाबरू नका सर," ते म्हणाले. "तो पुढारी कोन हाये हे मी इचारणार नाई. नाटक जबरदस्त हाये. पन एका जागी तुमचं चुकलं."

"कुठे, भाऊ?"

"तिसऱ्या अंकात. त्यानं त्या बाईले धमकी काऊन देल्ली?"

"ती सही करत नव्हती म्हणून."

"धमकी कोन देते? ज्याले काम करता येत नाई तो. त्या बाईले काय पायजे, हे त्यानं शोधलंच नाई. दोन अंक मेहनत केली अन् तिसऱ्यात कंटाळला. आळशी हाये तुमचा पुढारी."

ते हसत नव्हते. एखादा जुना शेतकरी नव्या माणसाला धानाची रोवणी शिकवतो तसे बोलत होते. मी म्हटलं, "तिला काहीच नको होतं, भाऊ. म्हणून तर ती..."

"असा मानूस मी अजून पाह्यला नाई." त्यांनी बशीत चहा ओतला. मग तसंच, बशीकडे पाहत म्हणाले, "मॅडमची नाईट ड्युटी राहते ना? तेव्हा पोरगी कोनापाशी झोपते?"

शेजारच्या मावशींकडे झोपायची. रडायची नाही. पण मी शनिवारी घरी आलो की माझ्या शर्टाचं टोक धरून घरभर फिरायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"वडशाच्या एका शाळेत मास्तर कमी हाये," भाऊ म्हणाले. "प्रतिनियुक्ती होऊन जाईन. उद्या अर्ज पाठवून द्या."

"भाऊ, मी काही त्यासाठी आलो नव्हतो."

"मी तुमाले काही मागून राह्यलो काय? पोरीसाठी देऊन राह्यलो. पोहे खा."

प्रतिनियुक्ती म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. बदली वेगळी. बदलीत जुनी जागा रिकामी होते आणि तिथे दुसरा शिक्षक येतो. प्रतिनियुक्तीत माणूस नव्या शाळेत जातो, पण त्याचं नाव जुन्या शाळेवरच राहतं. कागदावर जागा भरलेली. त्यामुळे तिथे दुसरं कुणी येत नाही. ही गोष्ट आमच्या खात्यात पहिल्या वर्षाच्या मास्तरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होती.

परत येताना वाटेत गाडी थांबवून मी एका पुलाच्या कठड्यावर बसलो. माझ्यावर कोणता डाव टाकला जातोय ते मला दिसत नव्हतं असं नाही. ते मीच लिहिलं होतं. दोन अंक मीच लिहिले होते, ओळ न् ओळ. तरी मनात एकच हिशेब होता, की सोमवारी पहाटे निघावं लागणार नाही.

अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. बायकोने वाचला, परत दिला.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"मले त बरंच वाटन. रोज घरी असान." मग म्हणाली, "पन तुमचं नाटक मी पाह्यलं हाये."

मला तिचा राग आला. नाटक वेगळं आणि संसार वेगळा, असं काहीतरी मी बोललो. ती भांडी घासायला निघून गेली.

आठ दिवसांत आदेश निघाला. अंथरूण आणि पुस्तकं आणायला मी गावात गेलो. गावचे म्हातारे गायता, म्हणजे गावप्रमुख, शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. सचिव पोरगी पण आली. तिने विचारलं, "गुरुजी, तुमच्या जागेवर कोन येईल?"

"येईल कुणीतरी," मी म्हटलं.

ते मी तिच्याकडे न पाहता, पुस्तकांना सुतळी बांधत म्हटलं. जाताना गायतांनी मोहाची वाळलेली फुलं पिशवीभर दिली, मुलीसाठी.

वडशाचे ते महिने सुखाचे गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. मी मुलीचा डबा भरत होतो. तिला सायकल शिकवली. ती दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा मी तिथे होतो. रात्री बायको ड्युटीवर गेली की आम्ही दोघं गच्चीवर बसून पाढे म्हणायचो. शर्टाचं टोक धरणं बंद झालं.

आणि त्याच दिवसांत मी तिसरा अंक बदलला. भाऊंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. नव्या अंकात पुढारी विधवेच्या अंगणात येतो, पाणी मागतो आणि तिच्या लेकीची चौकशी करतो. लेक लांब तेलंगणाकडे दिलेली, चार वर्षांत आलेली नाही. पुढच्या प्रवेशात जावयाला जवळच काम लागतं. लेक बाळाला घेऊन दारात उभी राहते. विधवा तिला आत घेते, बाळाला मांडीवर ठेवते आणि स्वतःहून कागद मागवून सही करते. धमकी नाही, मोठा आवाज नाही.

पहिल्यांदा तो प्रयोग झाला तेव्हा सहीच्या वेळी मंडपात एकही शिट्टी पडली नाही. नट मेकअप पुसत माझ्याजवळ आला. "आता समजलं सर, तो वाईट कधी होते," एवढंच म्हणाला. मालकीणबाई खूश होत्या, पुढच्या सगळ्या तारखा भरल्या. माझी कधी नव्हे इतकी तारीफ झाली. हा अंक कुणी शिकवला, ते मी कुणाला सांगितलं नाही.

होळीच्या सुमाराला एक दिवस बायकोचा दवाखान्यातून फोन आला. "तुमच्या गावची पोरगी आली हाये. सचिव. चुलतीले भरती केलं. तिले जेवाले घरी पाठवून राह्यली."

ती आली. पाटावर बसून शांतपणे जेवली. मी गावाची खुशाली विचारली. तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली.

"तुम्ही गेले अन् पंधरा दिवसात भाऊचा मानूस कागद घेऊन आला. बांबू पाच वर्षं एकाच ठेकेदाराले द्याचा, लिलाव नाई कराचा, असा ठराव. त्यानं गोटुलात वाचून दाखवला. भराभर वाचला. मंग म्हने, तुमचे गुरुजी पन याले हो म्हनले."

"मी?" माझा आवाज चढला. "मला कुणी विचारलंही नाही!"

"आमाले काय मालूम? आम्ही म्हनलं, गुरुजी हो म्हनले असन त गुरुजीले घेऊन या, ते वाचतीन. तो म्हने आनतो. अन् आलाच नाई." तिने पाणी प्यायलं. "मंग कागद मी ठेवून घेतला. तीन दिवस लागले मले. एक एक शब्द पाहून पाहून वाचला. त्यानं दोन कलमं वाचलीच नव्हती. ग्रामसभेनं ठराव फेटाळला."

मला हायसं वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. तिने मान हलवली, पण तिचं सांगणं संपलं नव्हतं.

"शाळेत एकच सर हाये. ते मीटिंगले गेले का शाळा बंद. आठवड्यातून दोन-दोन दिवस बंद. आम्ही तालुक्याले अर्ज केला, दुसरा मास्तर द्या म्हनून. साहेबानं रजिस्टर काढून दाखवलं. तुमच्या शाळेवर दोन शिक्षक हायेत, म्हने." ती माझ्याकडे सरळ पाहत होती. "दुसरं नाव तुमचं हाये, गुरुजी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बचाव केला असता. ती ताट उचलून मोरीत ठेवायला उठली, मी नको म्हटलं, तरी तिने ते धुऊनच ठेवलं.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. भाऊंनी मला मुलीसाठी उचललं, की कागद वाचणारा माणूस गावातून हलवण्यासाठी, की नाटककार हाताशी असावा म्हणून? माझ्या नाटकातल्या पुढाऱ्याच्या प्रत्येक कृतीमागे एक हेतू होता, तो प्रेक्षकांना दिसावा अशी सोय मी केली होती. भाऊंना तशी गरज नव्हती. पोह्यांच्या एका प्लेटीत तीन कामं होत असतील, आणि पोरीबद्दलची काळजीही खरी असेल. मला अजूनही वाटतं ती खरी होती. मी खलनायक लिहिला तेव्हा हे मला माहीत नव्हतं.

आणि ती विधवा. तिला काहीच नको होतं, असं मी भाऊंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. माझ्या नाटकात ती टिकली नाही. त्या गावाला मात्र बोरिंग हवी होती, रस्ता हवा होता, मास्तर तर हवाच होता. सगळं हवं असूनही त्यांनी सही केली नाही. ते नाटक मला लिहिता आलं नव्हतं.

बायकोशी बोलायला मला आठवडा लागला. मी परत जायचं म्हणतोय, असं सांगितलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. "पोरगीले तुम्ही सांगा," म्हणाली. मग मैत्रिणीशी बोलून तिने रात्रीच्या बऱ्याच ड्युट्या बदलून घेतल्या. मुलीला मी सांगितलं. ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. सायकल घेऊन एकटीच जायची.

प्रतिनियुक्ती रद्द करण्याचा अर्ज मी दिला तेव्हा ऑफिसातल्या बाबूने तो दोनदा वाचला. "सर, उलटं लिहिलं काय?" त्याने विचारलं. "आतून बाहेर याचा अर्ज येते. बाहेरून आत जाचा मी पयल्यांदा पाहून राह्यलो."

भाऊंनाही सांगायला गेलो. न सांगता जाणं मला भित्रेपणाचं वाटलं. ठरावाच्या कागदाबद्दल, माझं नाव वापरल्याबद्दल विचारायचं ठरवून गेलो होतो. विचारलंही. ते म्हणाले, "असं झालं? तो पोट्टा लई बोलते. मी पाहतो त्याले." आणि पुढे, "जा तुम्ही. तिकडं बी चांगले मास्तर पायजे." कपाळावर आठी नाही. त्यांनी नेहमीसारखा दारापर्यंत येऊन निरोप दिला.

महिन्याभराने एका कार्यक्रमात त्यांनी मंचावरून सांगितलं, की जंगलातल्या एका शाळेत शिक्षक नव्हता, तर आपण वडशातून एक चांगला नाटककार शिक्षक तिथे पाठवला. टाळ्या पडल्या. मला हे कंपनीच्या मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं. आधी मला संताप आला, मग मी इतका हसलो की शेजारचे पाहायला आले. भाऊ पुढची निवडणूकही जिंकले. ते सतरंजीवरच बसतात अजून.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. गावात कुणी स्वागत केलं नाही, आणि रागही धरला नाही. सचिव मुलीने शाळेची दुसरी किल्ली हातात दिली. म्हणाली, "ग्रामसभेत या गुरुजी. पन कागद आता आम्हीच वाचतो. दोघी-तिघी शिकलो." मी बरं म्हटलं आणि मागे जाऊन बसायला लागलो.

पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गाला भागाकार घातला. बहुतेकांनी पाट्या कोऱ्या ठेवल्या. एक मुलगी, जी वर्षापूर्वी सगळ्यांच्या आधी पाटी उलटी करून ठेवायची, ती खडू हातात धरून नुसती बसली होती. "विसरून गेली, गुरुजी," ती हळूच म्हणाली. मी फळा पुसला, भागाकार बाजूला ठेवला आणि दोनच्या पाढ्यापासून सुरुवात केली. पाढे येईपर्यंत पोळा आला. भागाकार दिवाळीनंतर जमू लागला.